वाऱ्याचे आकडे तिकिटावर छापा

धक्क्याला बांधलेलं जहाज म्हणजे निर्धास्त जहाज, ही समजूत प्रवाशांपुरती असती तर हरकत नव्हती. पण गेल्या काही वर्षांतल्या घटना पाहिल्या, की बंदरंही त्याच भ्रमात आहेत की काय, अशी शंका येते. २७ ऑगस्ट २०२३ रोजी स्पेनमधल्या पाल्मा बंदरात ‘ब्रिटानिया’ ही ३३० मीटर लांबीची क्रूझ बांधलेली होती. वादळ आलं, दोर तुटले आणि जहाज वाहत जाऊन एका तेलवाहू जहाजावर आदळलं. काही जणांच्या किरकोळ दुखापतींवर निभावलं. ३० मे २०२५ला इटलीतल्या कतानियात ‘नॉर्वेजियन एपिक’चे दोर वाऱ्याने तुटले. जहाज धक्क्यापासून सरकलं, चढउताराचा जिना निसटला आणि त्यावरचा प्रवासी थेट पाण्यात पडला. सुदैवाने त्याला वाचवता आलं.

हे होतं कसं? भरलेल्या मालवाहू जहाजाचा मोठा भाग पाण्याखाली असतो. क्रूझचं उलट असतं: पाण्याखाली जेमतेम आठ-नऊ मीटर आणि वर पन्नास-साठ. वाऱ्याला आडवी येणारी ही बाजू मोठ्या क्रूझवर सहज दहा हजार चौरस मीटर भरते. तिच्यावर २० नॉटचा (ताशी २० सागरी मैलांचा) वारा सुमारे ६० टनांचा रेटा देतो. म्हणजे बंदरातला एक चांगला टग, मोठी जहाजं ओढणारी-ढकलणारी दणकट बोट, जेवढा जोर लावते, जवळपास तेवढा. मात्र वारा दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ४० नॉटला हिशेब २४० टनांवर जातो.

बंदरात शिरताना तर अडचण आणखी वाढते. वेग कमी केला की सुकाणूची पकड सुटत जाते आणि जहाज वाऱ्याच्या हवाली होतं. मग ते खेकड्यासारखं तिरकं चालवत आणावं लागतं. धक्का जवळ आला, की कॅप्टन ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षाच्या, बाहेर काढलेल्या टोकाशी उभा राहतो आणि जहाज नि धक्का यांमधली पाण्याची पट्टी न्याहाळतो. नाळेवरचा अधिकारी वॉकीटॉकीवर अंतर सांगत असतो: वीस मीटर, पंधरा, दहा. नाळेजवळचे थ्रस्टर पुढचा भाग आडवा ढकलतात. मागचे फिरते पॉड शेपटी सावरतात. एवढ्यात एक झोत आला, तर सगळी आकडेमोड नव्याने.

टग लावले म्हणजे झालं, असंही नाही. ७ जुलै २०१९ला व्हेनिसमध्ये टग ओढून धरत असतानाही ‘कोस्टा डेलिझिओसा’ वादळात घाटाच्या अगदी अंगाशी गेली. आणि जहाज शाबूत असून धक्काच कच्चा निघाला तर? एप्रिल २०१३मध्ये अमेरिकेतल्या मोबिल इथे दुरुस्तीला आलेली ‘कार्निव्हल ट्रायम्फ’ सोसाट्याच्या वाऱ्यात सुटली. दोर बांधलेले खुंटेच उखडले होते. गोदीतल्या एका कर्मचाऱ्याचा जीव गेला.

म्हणून कॅप्टनने ऐनवेळी ‘आज बंदरात जायचं नाही’ म्हटलं, की त्याच्यावर आगपाखड करण्यात अर्थ नाही. प्रवाशांचे पैसे, दुकानदारांचा धंदा, बसवाल्यांची बुकिंगं हे सगळं त्या निर्णयाच्या विरोधात उभं असतं. हा दबाव एकट्या माणसाच्या अंगावर टाकायचा नसेल, तर आकडे आधी ठरायला हवेत. किती वाऱ्याला आत यायचं नाही, किती वाऱ्याला बांधलेल्या जहाजाशी टग आणून लावायचे, किती वाऱ्याला जिना उचलायचा. प्रत्येक जहाज वेगळं, प्रत्येक धक्का वेगळा, सरसकट नियम चालणार नाही, असं यावर सांगितलं जातं. बरोबरच आहे. म्हणूनच प्रत्येक जहाज आणि प्रत्येक धक्का यांच्या जोडीसाठी वेगळे आकडे हवेत.

हा प्रश्न मुंबईपासून लांबचा नाही. बॅलार्ड पिअरवरच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५मध्ये झालं. त्याच किनाऱ्यावर, कुलाब्यात, १७ मे २०२१ला ‘तौक्ते’ चक्रीवादळाच्या वेळी ताशी ११४ किलोमीटरचा झोत नोंदला गेला होता. हे ६० नॉटांहून अधिक झाले; दहा हजार चौरस मीटरच्या बाजूवर पाचशे टनांच्या वर रेटा. टर्मिनलच्या संगमरवराइतकंच लक्ष खुंट्यांच्या ताकदीकडे आणि तयार टगांच्या संख्येकडे द्यायला हवं. इथे येणाऱ्या प्रत्येक क्रूझसाठीचे ते तीन आकडे बंदराने जाहीर करावेत आणि कंपन्यांनी तिकिटावर छापावेत, म्हणजे बेत रद्द झाल्यावर वाद कॅप्टनशी न होता आकड्याशी होईल.