चार विशेषणे आणि एक आकडा

एसटीची ग्रामीण फेरी बंद होते तेव्हा पुढे केले जाणारे कारण बहुधा एका शब्दात मावते : भारमान. गाडीने पुरवलेल्या आसन-किलोमीटरपैकी प्रवाशांनी किती वापरले, त्याची ही टक्केवारी. हे माप ठेवू नये असे आम्ही म्हणत नाही. त्यालाच सेवेचा अंतिम निवाडा मानले जाते, याला आमचा आक्षेप आहे.

१९५० सालचा मार्ग परिवहन महामंडळ अधिनियम आम्ही वाङ्मयाच्या अध्यापकांच्या सवयीने वाचला, म्हणजे विशेषणांवर बोट ठेवीत. त्याच्या १८ व्या कलमात सेवेला चार विशेषणे लावलेली आहेत : कार्यक्षम, पुरेशी, किफायतशीर आणि सुसूत्र. भारमान हे यांतल्या फार तर दीड विशेषणाचे माप. 'पुरेशी' तर त्याच्या कक्षेतच येत नाही. जो गाडीत बसला त्याचीच नोंद होते. गाडी नाही म्हणून जिचे शिक्षण बारावीला थांबले, तिच्यासाठी रकाना नाही.

हिशेब करून पाहावा. ४४ आसनांच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी ११ प्रवासी, तर भारमान २५ टक्के. एक फेरी रद्द केली. तिच्यातले चौघे दुसरीत आले, सात जण वडापने गेले किंवा घरी राहिले. भारमान ३४ टक्के! सेवा निम्मी झाली आणि कामगिरी मात्र सुधारली.

रत्नागिरी जिल्ह्यात हे माप विशेष अन्यायाचे ठरते. येथे गाव एका जागी नसते. वाड्या डोंगरउतारांवर आणि खाड्यांच्या काठांनी विखुरलेल्या. सकाळी लांजा-संगमेश्वरकडून भरून येणारी गाडी परतताना रिकामीच जाणार. ती रिकामी आसने हा तोटा नव्हे, सकाळच्या भरलेल्या गाडीची ती किंमत आहे.

यावर त्याच कायद्याचे २२ वे कलम दाखवले जाईल : महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर चालावे. जरूर चालावे. परंतु २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळतो, त्याची भरपाई शासनाने करायची असते. सवलतीची किंमत शासनाने उचलावी हे तत्त्व मान्य असेल, तर फेरीची का नको? नसलेल्या गाडीत अर्धे तिकीट कोणी काढायचे?

मापे बदलता येतात. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळ्यात मुद्दाम हळू धावतात, त्यांचे वेळापत्रकच निराळे असते. २००३ च्या वैभववाडी अपघाताची आठवण असलेला कोणीही त्या मंद गतीला अकार्यक्षमता म्हणणार नाही.

तेव्हा प्रत्येक आगाराने भारमानाशेजारी आणखी तीन आकडे जाहीर करावेत : कॉलेजच्या वेळेआधी गाडी न पोहोचणाऱ्या वाड्या किती, महिन्यात रद्द झालेल्या फेऱ्या किती, आणि शहराबाहेरच्या रेल्वे स्थानकावर उतरलेल्या प्रवाशाला गावाकडची एसटी किती वेळाने मिळते.