बंद पुडी आणि अजाण फळ



चातुर्मासात स्वाध्याय आटोपला की गप्पांत मुलांच्या मोबाइलचा विषय निघतोच. आणि निघाला की एकच वाक्य ऐकू येतं, "त्या खेळांत नुसती हिंसा आहे गं!" मग दशलक्षणाचे दहा दिवस फोन कपाटात, आणि क्षमावाणी झाली की पुन्हा हातात. या वाक्याला माझा विरोध आहे. सगळे खेळ चांगले असतात असं मला म्हणायचं नाही. आपण भलत्याच पापावर बोट ठेवतो आणि खरं पाप घरात उजळ माथ्यानं वावरतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

आज एकाच जातीच्या खेळांबद्दल बोलते : पटावर मांडायचे पत्त्यांचे खेळ. नमुना म्हणून 'ड्युअलिस्ट' घ्या. हा अमेरिकेत तयार झालेला खेळ 2016 मध्ये आला. पडद्यावर 9 बाय 5, म्हणजे 45 घरांचा पट. दोन्हीकडे एकेक सेनापती, त्याच्या ताकदीचे 25 गुण. जवळ 39 पत्ते, आणि प्रत्येक पत्ता म्हणजे एखादा सैनिक, प्राणी किंवा मंत्र. सैनिक कुठल्या घरात उतरवायचा, पुढे न्यायचा की सेनापतीला आडोसा म्हणून उभा करायचा, यावर डाव ठरतो. बुद्धिबळासारखंच इथेही जागेला महत्त्व. यात डोकं लागतं, हे मान्य करायला आपलं काही जात नाही.

"पण तलवारी चालतात, प्राणी मरतात, त्याचं काय?" कुणी राजा यशोधराची कथाही काढेल. त्यानं आईच्या आग्रहानं पिठाचा कोंबडा बळी दिला आणि मायलेकांना किती जन्म पशुयोनीत भटकावं लागलं. तिथेही पीठच तर होतं! पण कथा नीट आठवा. तिथे देवीपुढे जीव अर्पण करायचा संकल्प होता, पीठ फक्त खऱ्या कोंबड्याच्या जागी आलं होतं. पटावरचा सैनिक उचलणाऱ्या मुलाच्या मनात कुणाचा जीव घ्यायचा असतो? बुद्धिबळात घोडा मारला म्हणून आपण कधी कुणाला प्रायश्चित्त घ्यायला लावलेलं नाही.

भावहिंसा शोधायची तर ती चित्रात शोधू नका, मुलाच्या चेहऱ्यावर बघा. हरल्यावर समोरच्याला शिव्या देतो का? जेवणाचं ताट ढकलतो का? तो क्रोध आहे, कषाय आहे, आणि तो कॅरमच्या बोर्डावरही होतो. त्याला जरूर आवरा. पण प्रत्येक चित्राला 'हिंसा' म्हणत सुटलो तर मूल मनात हसतं, आणि उद्या खऱ्या हिंसेबद्दल बोललो तरी तसंच हसेल. धर्माचा शब्द इतका स्वस्त करू नये.

खरं पाप पटावर नाही, दुकानात आहे.

हे पत्ते येतात कुठून? ड्युअलिस्टमध्ये ते बंद पुडीत यायचे. एका पुडीत 5 पत्ते, काही साधे, काही दुर्मीळ. फोडेपर्यंत आत काय आहे ते कळायचं नाही. पुडी खेळून मिळवलेल्या नाण्यांनी घ्या, नाहीतर खऱ्या पैशांनी. याच कुळातल्या, 2014 मध्ये आलेल्या 'हार्थस्टोन'मध्येही तीच रीत. पैसे आधी, वस्तू नंतर, आणि वस्तू कोणती ते नशिबावर. याला आपल्याकडे जुनं नाव आहे. सात व्यसनं पाठशाळेतल्या पोरालाही पाठ असतात, आणि त्यांत पहिलं द्यूत आहे. दान पडतं म्हणून द्यूत होत नाही. श्वेतांबर घरांत पर्युषणात ज्ञानबाजी खेळायची रीत होती, तिथेही दान पडतंच. पण त्या दानावर कुणी पैसा लावत नाही.

आणि आपण कोण? पाणी गाळून पिणाऱ्या, डाळ-तांदूळ निवडून घेणाऱ्या, भाजीचं पान उलटंपालटं करून बघणाऱ्या बायका. 22 अभक्ष्यांत अजाण फळही आहे. ज्याचं नाव-गुण माहीत नाही ते फळ कितीही गोड दिसलं तरी आपण तोंडात घालत नाही. मग आत काय आहे हे माहीत नसलेली पुडी आपल्याच घरात, आपल्याच पैशांनी कशी फोडली जाते?

"अगं, फुकट असतो तो खेळ!" असं म्हणणाऱ्यांना माझं उत्तर : फुकट फक्त उंबरठा असतो. पहिल्या काही पुड्या खेळून मिळतात, फोडायची चटक लागते, आणि हवा तो पत्ता काही येत नाही. दुसऱ्या म्हणतात, "आपल्या लहानपणी नव्हती का बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं यायची?" होती. पण निदान बबलगम तरी हातात यायचं, आणि जास्तीचं चित्र मैत्रिणीला देऊन दुसरं घेता यायचं. हार्थस्टोनमध्ये पत्ता दुसऱ्याला देताच येत नाही. नको असलेला मोडायचा, आणि त्या मोडीतून नवा घडवायचा. सर्वांत दुर्मीळ पत्ता घडवायला 1600 लागतात, तसलाच मोडला तर 400 मिळतात. चार तोळे मोड घेऊन एक तोळा हातावर ठेवणाऱ्या सोनाराच्या दुकानाची पायरी तुम्ही पुन्हा चढाल का?

आता परिग्रहाचं. 27 फेब्रुवारी 2020 ला ड्युअलिस्ट बंद झाला. वर्षानुवर्षं जमवलेले पत्ते त्या दिवशी संपले. ना ते कपाटात राहिले, ना रद्दीत गेले. आपण शिकतो की परिग्रह वस्तूत नसतो, वस्तूवरच्या मूर्च्छेत असतो. इथे तर वस्तू कधी नव्हतीच, नुसती मूर्च्छाच विकली जात होती.

खेळाला पुडी लागतेच, असंही नाही. बेल्जियममधल्या कंपनीचा 'फेरिया' हाही पटावरचाच, आणि त्यात पटावरची जमीनसुद्धा आपणच मांडत जायची. 2017 मध्ये तो फुकटचा खेळ म्हणून आला, आणि नंतर एकदाच पैसे भरून घ्यायचा खेळ झाला. जे मोल ते समोर, जी वस्तू ती समोर. अशा व्यवहाराला आपला कुठलाच अणुव्रती नाही म्हणणार नाही.

सरकार बघून घेईल, या भरवशावरही बसू नका. चीननं 2017 पासून अशा पुड्यांतल्या शक्यता जाहीर करणं सक्तीचं केलं. 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगानं पैसे देऊन फोडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. तुमच्या घरातली पुडी तुम्हालाच बंद करावी लागेल.

कशी? फोन हिसकावून नव्हे. मुलाशेजारी बसा, एक डाव बघा, चाल समजून घ्या. मग सांगा, "खेळ चालेल, बंद पुडी चालणार नाही." फोनमधल्या खरेदीला प्रत्येक वेळी पासवर्ड लागेल असं करा आणि तो पासवर्ड स्वतःजवळ ठेवा. आणि परिग्रह-परिमाणाचा नियम मुलाला स्वतःच्या तोंडानं घेऊ द्या : वर्षाला इतके रुपये, दिवसाला इतका वेळ. लादलेला नियम दहा दिवस टिकतो, घेतलेला वर्षभर.

शेवटचं थोडं झोंबेल. आपल्या कितीतरी महिला मंडळांच्या कार्यक्रमांत हौजीची तिकिटं पैसे घेऊन विकली जातात, पहिल्या ओळीला बक्षीस, फुल हाउसला मोठं बक्षीस. आणि त्याच हॉलच्या कोपऱ्यात आपली मुलं फोनवर पुड्या फोडत बसलेली असतात. ती आपल्याकडे बघत असतात. त्यांना द्यूताबद्दल दोन शब्द सांगायचे असतील, तर आधी त्या हौजीच्या तिकिटांची वही फाडा.