पोस्टमास्तरांची ट्रंक

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. ऑटोतून पत्र्याची एक ट्रंक उतरवून त्याने पडवीत ठेवली आणि म्हणाला, "सर, बाबांचे कागद आहेत. लागणारा तेवढा मी काढून घेतलाय. बाकीचं तुम्ही बघा, नाहीतर रद्दीवाल्याला देऊन टाका." चहा झाला, पाया पडला आणि पुण्याच्या गाडीला निघून गेला. पन्नाशीचा गृहस्थ आहे, पण माझ्या वर्गात होता म्हणून माझ्या लेखी मुलगाच.

त्याचे वडील म्हणजे आमचे पोस्टमास्तर. दोन वर्षांपूर्वी गेले. मूळचे जिंतूर तालुक्यातल्याच एका खेड्याचे, शिक्षण मॅट्रिक, नोकरी पोस्टात. निवृत्तीनंतर लोक देवदेव करतात, यांनी वंशावळीचा नाद धरला. जवळजवळ पंचवीस वर्षे आपल्या घराण्याचा माग काढत हिंडले. एसटीने त्र्यंबकेश्वरला गेले, तीर्थोपाध्यायांच्या वहीत पणजोबांच्या यात्रेची नोंद शोधून आले. हैदराबादला तारनाक्याच्या दप्तरखान्यात जाऊन आठ दिवस बसले. आम्ही कट्ट्यावरची मंडळी त्यांची थट्टा करायचो. "मास्तर, शिवाजी महाराजांपर्यंत पोहोचलात का?" ते हसायचे आणि पिशवीतून नवा कागद काढायचे. थट्टा करणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मुलाने काढून नेलेला "लागणारा" कागद कोणता, ते मराठवाड्यातल्या वाचकांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत 'कुणबी' हा शब्द शोधायला सुरुवात झाली. पुढे २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटियरचा शासन निर्णय निघाला. ज्या पोरांना पणजोबाचे नाव विचारले तर मोबाइलमध्ये बघावे लागेल, ती पोरे मोडी वाचणारा माणूस शोधत फिरू लागली. माझ्याकडेही पाच-सात जण येऊन गेले. आरक्षण असावे की नसावे, यावर मला इथे काहीच म्हणायचे नाही. पोराबाळांच्या फीचा आणि नोकरीचा प्रश्न आहे, ज्याला कागद मिळाला त्याने तो जरूर वापरावा. मला बोलायचे आहे ते ट्रंकेत मागे राहिलेल्या कागदांविषयी.

तीन आठवडे मी ट्रंक उघडली नव्हती. शेवटी सौ. म्हणाल्या, "एक तर उघडा, नाहीतर उचला. पडवीत पाय ठेवायला जागा नाही." मग उघडली. आत सतरा वह्या, झेरॉक्सची भेंडोळी आणि खाली सुतळीने बांधलेले पोस्टकार्डांचे गठ्ठे निघाले. जबाबी कार्डे! खात्यातला माणूस, त्याने खात्याचाच उपयोग केला. आडनावाच्या माहितीतल्या प्रत्येक घरी त्यांनी जोडकार्ड पाठवले होते आणि प्रत्येकाला तेच चार प्रश्न विचारले होते. आजोबांचे नाव काय, आजोबांच्या आईचे माहेर कोणते, तीर्थाचे उपाध्याय कोण, आणि मूळ गाव सोडले असेल तर का सोडले. उत्तर आलेली कार्डे मी मोजली, दोनशे अकरा भरली. कोणी चार ओळी लिहिल्या आहेत, कोणी "आम्हास माहीत नाही, पुन्हा लिहू नये" असे बजावले आहे. एका म्हातारबांनी कार्ड पुरले नाही म्हणून कडेने फिरवून फिरवून, पत्त्याच्या जागेतही लिहिले आहे. पोस्टाने ते कार्ड पोहोचवले, हे विशेषच.

या वह्यांवरून मला जे कळले, ते चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवून मला कळले नव्हते. मास्तरांच्या खापरपणजोबांना दोन मुलगे. थोरला जिंतूरकडे राहिला, धाकटा लोणारच्या बाजूला सासुरवाडीला जाऊन स्थायिक झाला. नकाशात पाहिले तर एका दिवसाची बैलगाडीची वाट. पण १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, १९०२ मध्ये कायमच्या भाडेपट्ट्याने गेले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडले गेले. त्यामुळे थोरला भाऊ निजामाची प्रजा, धाकटा इंग्रजांची! थोरल्याचे व्यवहार हाली शिक्क्यात, धाकट्याचे कलदार रुपयात. शंभर कलदाराला साधारण एकशे सतरा हाली पडत, त्यामुळे वाटणीच्या हिशेबात दोन्ही भावांना आपण फसलो असे वाटत राहिले. मास्तरांनी तो सगळा हिशेब नव्याने करून पाहिला आहे आणि खाली लिहिले आहे, "कोणीच फसले नव्हते."

धाकट्याच्या घरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी तिकडच्या कोतवाल बुकात सापडल्या, आणि त्यात जात 'कुणबी' लिहिलेली आहे. थोरल्याच्या उर्दू कागदावर जातीऐवजी पेशा आहे, 'काश्तकारी'. मुलाने नेला तो कोतवाल बुकाचा उतारा. पण त्याच्याच पुढच्या पानावर मास्तरांनी आत्याकडून ऐकलेली एक गोष्ट टिपून ठेवली आहे. १९३१ च्या जनगणनेला गणती करणारा दारात आला, तेव्हा मास्तरांच्या आजोबांनी "कुणबी लिहायचं नाही, मराठा लिही" म्हणून त्याच्याशी वाद घातला होता. त्या काळात अनेक घराण्यांनी तेच केले. तेव्हा तो शब्द पुसायची घाई होती, आज तो शोधायची घाई आहे. दोन्ही वेळी घराला एकच शब्द हवा होता आणि बाकीचे नको होते. तीस वर्षांनी कोणता शब्द हवासा वाटेल, हे आज कोण सांगणार?

बाकीच्यातले काही घराला नकोच आहे, हेही खरे. वहीत एका आजीबद्दल स्वच्छ लिहिले आहे की ती पाटाची. पहिला नवरा गेल्यावर दुसऱ्याशी पाट लावून या घरात आली, सोबत पहिल्याचा एक मुलगा होता आणि तोच पुढे या घराचा कर्ता झाला. त्या ओळीवर कोणीतरी निळ्या बॉलपेनने गिरवले आहे. मास्तर शाईचे पेन वापरत, तेव्हा हे काम त्यांचे नाही. मी मुलाला फोन करून विचारले. तो म्हणाला, "जाऊ द्या सर, लग्नाच्या पोरी आहेत घरात." मी काही बोललो नाही. पण फोन ठेवल्यावर वाटले, की ही बाई एक पोर कडेवर घेऊन दुसऱ्या घरात आली नसती, तर फोनवर बोलणारा हा माणूसच नसता.

बायकांची नावे हा मास्तरांचा खास विषय. तीर्थाच्या वहीत पुरुषांची सात पिढ्यांची नावे मिळाली, पण बाईची नोंद म्हणजे 'सहकुटुंब', बस्स. मग त्यांनी लेकीबाळींना गाठले. घराण्यातल्या सासरी गेलेल्या म्हाताऱ्या लेकींकडे जायचे आणि विचारायचे, तुझ्या आजीला माहेरी काय म्हणत? अशी चौतीस नावे त्यांनी मिळवली आहेत. प्रत्येक नावापुढे कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, हे आहे. दोघींनी वेगळे नाव सांगितले तर दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह.

एक चूक त्यांनी कशी दुरुस्त केली, तेही सांगण्यासारखे आहे. निजामी कागदांवर फसली साल असते, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, असे त्यांनी सुरुवातीला धरले होते. पुढे जहागिरी बरखास्तीचा कायदा पाहिला. तो १५ ऑगस्ट १९४९ चा, आणि नावात साल १३५८ फसली. म्हणजे फरक ५९१ चा. मग त्यांनी दुसरे टोक गाठून सरसकट ५९१ मिळवायला सुरुवात केली. घरात एकाच महिन्यात तिघे गेल्याची नोंद होती, १३२८ फसली, आजूर महिना. हिशेबाने ते आले १९१९. पण एका चुलत आत्याने सांगितले होते की ते मानमोडीच्या तापाने गेले, आणि त्या दिवाळीला घरात दिवा लागला नाही. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा, ती साथ १९१८ च्या दिवाळीच्या सुमाराची. मास्तर अडले. शेवटी लक्षात आले, की हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरात सुरू होते आणि आजूर हा पहिलाच महिना, म्हणून डिसेंबरपर्यंतच्या नोंदीला ५९० आणि जानेवारीपासून पुढे ५९१. म्हातारीचे बरोबर होते. त्यांनी त्या वेळपर्यंतच्या सगळ्या वह्या पुन्हा तपासल्या, तांबड्या शाईने दुरुस्त केल्या, आणि जुना आकडा खोडला तोही वाचता येईल असा एका रेघेने.

माझे म्हणणे हेच आहे. हौशी माणसाच्या संशोधनात मोलाची असते ती ही खोडाखोड. लोक समजतात, शेवटी फ्रेम करून भिंतीवर लावायची वंशावळ म्हणजे त्याचे काम आणि बाकी सगळा कचरा. वंशावळ काय, पैसे घेऊन सूर्यवंशापर्यंत नेऊन देणारेही भेटतात. ती खरी की खोटी हे ज्यावरून कळते, ती कार्डे आणि टिपणे आपण आधी रद्दीत घालतो. वि. का. राजवाड्यांनाही कोणी पगार देत नव्हते. तेही घरोघरच्या माळ्यांवरची दप्तरे धुंडाळत फिरले आणि १८९८ साली त्यांचा पहिला खंड निघाला. ३१ डिसेंबर १९२६ ला ते धुळ्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी धुळ्याच्या मंडळींनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. राजवाड्यांची बरोबरी मास्तरांशी करत नाही. पण एका पोस्टमास्तरासाठी निदान एक कपाट?

हे सांगायचा मला अधिकार किती, असे कोणी विचारील, आणि विचारावेच. माझे वडील उर्दूतून शिकले. मी जन्मलो १९५१ साली, हैदराबाद संस्थान जाऊन तीन वर्षे झाली होती. शाळा मराठी, कॉलेज मराठी. वडील गेले तेव्हा त्यांचे एक गाठोडे निघाले, सगळे उर्दू. मला एक अक्षर लागेना. घर लहान होते. मी ते किलोवर विकले. त्यात काय होते हे मला आजही माहीत नाही आणि आता कळणारही नाही. रद्दीवाल्याने तराजू धरला तेव्हा गाठोड्यातून एक छोटी वही खाली पडली होती आणि मीच ती उचलून परत तराजूत टाकली, एवढे मात्र स्पष्ट आठवते. असो.

तेव्हा ज्यांच्या घरी अशी ट्रंक असेल त्यांनी कृपा करून एवढे करावे. कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात बांधा, पूर्वीचे लोक रुमाल बांधत तसे. पेन्सिलीने नंबर घाला आणि मोबाइलने प्रत्येक पानाचा फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या मागच्या बाजूचासुद्धा. लाजिरवाणे वाटेल ते फाडू नका, हवे तर पाकिटात घालून वर "अमुक सालापर्यंत उघडू नये" असे लिहा. आणि सांभाळणे होत नसेल तर छत्रपती संभाजीनगरला पुराभिलेखांचे सरकारी कार्यालय आहे, विद्यापीठ आहे, तिथे जाऊन निदान विचारून पाहा.

मास्तरांची ट्रंक आता आतल्या खोलीत आली आहे. सौ. नी शिवणयंत्र सरकवून जागा करून दिली. रोज सकाळी पंचवीस कार्डांवर नंबर घालतो, नातू फोटो काढतो. तळाशी अकरा उर्दू कागद आहेत, शिकस्ता अक्षरातले, मास्तरांनाही पूर्ण लागले नव्हते. जिंतूर-परभणीकडे तसे अक्षर वाचणारे कोणी जुने जाणते असतील तर त्यांनी अवश्य यावे. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असतो.