सध्या काय ऐकतेय? ऑर्गन!



गाण्यांवर लिहायला लागल्यापासून मला एक प्रश्न सारखा येतो, "सध्या काय ऐकतेस गं?" या वेळचं उत्तर जरा वेगळं आहे. गेला महिनाभर मी ऑर्गन ऐकतेय. चर्चमधला, भिंतभर नळ्या असलेला पाइप ऑर्गन.

थांबा, लगेच पुढे जाऊ नका! ऑर्गन म्हटलं की बऱ्याच जणांना भुताच्या सिनेमातलं ते अंगावर येणारं संगीत आठवतं. ती 'टोकाटा अँड फ्यूग इन डी मायनर', जर्मन संगीतकार बाखच्या नावावर असलेली. रचना झकास आहे, पण ऑर्गनशी पहिली ओळख तिथे झाली तर तो नुसता घाबरवणारा वाटतो. त्याचं खरं काम अगदी उलटं आहे.

सतारीची तार छेडली की सूर उमटतो आणि हळूहळू विरतो. पियानोचंही तसंच. ऑर्गनमध्ये मात्र भात्यातली हवा नळीत जात राहते आणि बोट पट्टीवर आहे तोवर सूर तसाच राहतो. चर्चमध्ये शेकडो माणसं एकत्र गातात. कुणी सुरात, कुणी बेसूर, कुणाचा दम मध्येच संपतो. ऑर्गन सगळ्यांसाठी सूर धरून ठेवतो. तुम्ही श्वास घ्या, परत या, सूर जागेवरच आहे.

हे ओळखीचं वाटतंय ना? आपल्या संगीत नाटकांतही बालगंधर्वांच्या काळापासून ऑर्गन आहेच की! त्याला नळ्या नसतात, आत पितळेच्या रीड असतात आणि वादक पायांनी भाता मारतो. पण काम तेच. गायक नट श्वास घेतो तेव्हाही सूर तुटत नाही.

मागच्या वर्षी माझी आजी गेली. नाट्यगीतं म्हणजे तिचा जीव. ती गेल्यापासून आमच्या इंदूरच्या घरात ती बंदच झाली. कुणी बंद करा म्हटलं नव्हतं, पण बाबांना ते शब्द सोसायचे नाहीत. एका रात्री मी स्पीकरवर बाख लावला होता. बाबा दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ही पायपेटी कोण वाजवतंय?" मग बसले. एकही शब्द नसलेलं ते संगीत त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आठवड्याभराने त्यांनी स्वतःहून आजीची एक जुनी कॅसेट काढली.

तर आता माझी यादी. सोप्याकडून कठीणाकडे जाऊया.

१. बाख : 'इश रूफ त्सू डिर' (बीडब्ल्यूव्ही ६३९)

अडीच-तीन मिनिटांची रचना. नावाचा अर्थ 'मी तुला हाक मारतो'. वर एक संथ धून, मध्ये झुळझुळणारे सूर आणि खाली पायांनी वाजवलेला, ठोक्यासारखा खर्ज. एवढंच. ही एक प्रार्थना आहे हे कळायला जर्मन यावं लागत नाही. तारकोव्हस्कीच्या १९७२ च्या 'सोलारिस' सिनेमातही ती आहे. सुरुवात इथूनच करा.

२. बाख : पासाकाग्लिया इन सी मायनर (बीडब्ल्यूव्ही ५८२)

तबल्याचं सोलो वादन ऐकताना पेटीवर लेहरा सुरू असतो, आठवतंय? तो सारखा फिरत राहतो आणि त्यावर तबला रंगतो. इथेही थोडंफार तसंच आहे. सुरुवातीला फक्त पाय वाजतात, आठ मापांची एक धून. मग तीच धून पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यावर २० वेगवेगळे साज चढतात. शेवटी तिच्यातूनच मोठा फ्यूग उभा राहतो. बाखच्या काळी भाता मारायला वेगळी माणसं असायची, कारण वादकाचे हात आणि पाय दोन्ही सुरांत गुंतलेले!

हाच बाख १७०५ मध्ये, अवघ्या २० व्या वर्षी, बुक्सटेहूड या थोर ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाटहून ल्यूबेकला पायी गेला होता. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. पायी वारीच म्हणा ना! रजा चार आठवड्यांची होती, परतला जवळजवळ चार महिन्यांनी. वरिष्ठांनी चांगलंच फैलावर घेतलं.

३. सँ-साँस : सिंफनी नंबर ३

१८८६ ची, पूर्ण वाद्यवृंद आणि सोबत ऑर्गन. साधारण ३५ मिनिटं लागतात, रविवारसाठी ठेवा. संथ भागात ऑर्गन इतका हळूच येतो की तो कधी आला ते कळतही नाही. तंतुवाद्यांच्या खाली कुणीतरी सतरंजी अंथरावी तसा. मग शेवटच्या भागात एकदम सगळ्या ताकदीनिशी! घरच्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकतील.

४. तुमच्या आवडीचं कुठलंही नाट्यगीत

हो, हे गृहपाठातच आहे. पण या वेळी गायकाकडे नाही, मागच्या ऑर्गनकडे कान द्या. गायक थांबतो तिथे तो काय करतो, ते ऐका.

एक महत्त्वाची सूचना : मोबाइलच्या स्पीकरवर ऑर्गन ऐकू नका. मोठ्या ऑर्गनची सगळ्यात लांब नळी जवळजवळ १० मीटरची असते आणि तिचा खर्ज कानांपेक्षा छातीत जास्त जाणवतो. मोबाइलचा इवलासा स्पीकर तो खर्ज गाळूनच टाकतो. चांगले इअरफोन लावा किंवा घरातला मोठा स्पीकर. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल, तर त्यांचा हात स्पीकरवर ठेवून बघा.

आणि हो, ऐकताना दुसरं काही करू नका. पहिल्या रचनेला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. तेवढा वेळ स्वतःला द्याच.

आता तुमची पाळी. तुमच्या घरात सध्या काय वाजतंय? आणि असं एखादं गाणं आहे का, जे कुणाच्या तरी आठवणीने बरेच दिवस बंद आहे? असेल तर घाई नाही. आधी बिनशब्दांचं काहीतरी लावा. ते गाणं कुठे जात नाही.

भेटू पुढच्या वेळी, तोवर ऐकत राहा!