बैलाचा खांदा आणि बाईकची सीट

लांबच्या प्रवासासाठी मोटरसायकलला नवी सीट बसवायची असेल तर सल्ला कुणाचा घ्यावा? माझं मत विचाराल तर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा शेकणाऱ्या शेतकऱ्याचा. हसू नका, सांगतो.

नागपूरहून भोपाळच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेलं की पांढुर्णा येतं. छिंदवाड्याच्या रस्त्याला लागलात तर सौंसर. नकाशात हा मध्य प्रदेश. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला, त्यात हे दोन्ही तालुके आले. पाट्या हिंदी, पण घरात बोलली जाते ती वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार दरवर्षी पेपरात येते. पण त्याच्या दोन दिवस आधी गोठ्यात जे घडतं ते काही छापून येत नाही. बैलाचा खांदा गरम पाण्याने शेकतात, हळद-लोणी लावून चोळतात. विदर्भात ही खांदशेकणी, इतरत्र खांदेमळण. दुसऱ्या दिवशी मग झूल, बाशिंग, शिंगांना रंग, मिरवणूक.

हा क्रम मला फार शहाणा वाटतो. जिथे जू टेकतं, जिथे भार अंगाला भिडतो, ती जागा आधी. झूल नंतर.

आपण मोटरसायकलच्या बाबतीत नेमकं उलटं करतो. दुकानात जातो, चकचकीत रेक्झिन, रंगीत शिलाई, मधे फुगवलेल्या पट्ट्या बघतो, अंगठ्याने दाबून "अरे वा, काय मऊ आहे!" म्हणतो आणि पैसे मोजतो. ही झूल झाली. जुवाचं काय?

बसल्यावर आपला भार मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येतो. फोम फार मऊ असला तर तासाभरात तो दबून बसतो आणि हाडांना खालचा पत्रा लागायला लागतो. दुकानातली पाच मिनिटं आणि रस्त्यावरचे पाच तास यांत हाच फरक. म्हणून थोडा घट्ट, पण वजन पेलून पुन्हा वर येणारा फोम बरा. सीट मागे, हाडांच्या जागी, पुरेशी रुंद हवी आणि पुढे टाकीकडे निमुळती, म्हणजे पाय नीट जमिनीला पोचतात. उतार पुढे असेल तर प्रत्येक ब्रेकला माणूस टाकीवर घसरतो आणि मनगटं दुखायला लागतात. शिलाई बसण्याच्या जागेखाली नको; बोचते ती बोचते, शिवाय आमच्या गोव्याच्या पावसात त्याच भोकांतून पाणी आत जातं आणि फोमचा स्पंज होतो. जेलची गादी चांगली असते, पण पांढुर्ण्याच्या मे महिन्यात गाडी उन्हात लावून चहा पिऊन या, मग बसून बघा!

माझं स्पष्ट मत आहे की बहुतेकांनी तयार सीट विकत घेऊच नये. गाडीची मूळ सीट कुशनवाल्याकडे न्यावी. तिचा सांगाडा आणि कुलूप गाडीला बरोबर बसणारं असतं. फक्त फोम आपल्या अंगाप्रमाणे कापून-भरून घ्यावा. वर कच्चं कव्हर चढवून तासभर तरी गाडी चालवावी, परत यावं, "इथे टोचतंय" म्हणून बोट दाखवावं. तयार सीटला बोट दाखवून उपयोग नसतो. चांगला कुशनवाला शोधायचा तर गोव्यात पिवळ्या मडगार्डवाल्या पायलटांना विचारावं. दिवसभर सीटवर बसून पोट भरणाऱ्या माणसाला याची माहिती जाहिरातीपेक्षा जास्त असते.

आता खरा मुद्दा. ही सगळी चर्चा पुढे बसणाऱ्याची. पांढुर्णा-सौंसरच्या रस्त्यावर काय, नाहीतर फोंडा-डिचोलीत काय, मोटरसायकल एकट्याची नसते. मागे बायको असते, आई असते, बहुतेक वेळा साडीत, एका बाजूला पाय सोडून. हौशी सीटा मात्र मागे उंच, अरुंद आणि उतरत्या. त्या बसवताना पहिली गच्छंती होते ती मागच्या पकडायच्या दांडीची आणि साडी अडकू नये म्हणून लावलेल्या जाळीची, का तर "लुक जातो". मोटार वाहन कायद्याचं कलम १२८ मागच्याला घट्ट बसवलेली नीट सीट द्या म्हणतं. १९८९ च्या केंद्रीय नियमांतला १२३ वा नियम पकडायला आधार, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान निम्मं झाकणारं आवरण मागतो. यातलं काहीही काढणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर आपली झूल मिरवणं.

तेव्हा कुशनवाल्याकडे जाताना मागे बसणाऱ्या माणसालाही घेऊन जा. बैल बिचारा बोलत नाही, म्हणून त्याच्या खांद्यावर हात फिरवून बघावं लागतं. आपल्या मागे बसलेलं माणूस बोलतं. घाटात, तासाभराने, गाडी थांबवून एकदा विचारा तरी.