परमुलखातले भाडे
जुन्नरच्या पेठेत आयुष्य घालवून घरपट्टीची पावती आणि शेतसाऱ्याचा दाखला या दोन कागदांतच ज्याने सरकार पाहिले, त्या गृहस्थास, नारायणगावाहून न्यू जर्सीस स्थायिक झालेल्या पुतण्याला शेजारच्या पेनसिल्व्हेनियात भाड्याने दिलेल्या एका घरापायी तीन निरनिराळ्या सरकारांपुढे हिशेब मांडावा लागतो, हे ऐकून विस्मय वाटावा, यात नवल नाही. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने शेतीखेरीज अन्य उत्पन्नावरील कर केंद्राकडे सोपविल्यामुळे मंचरकराने बंगळुरात सदनिका भाड्याने दिली, तरी कर्नाटक सरकार त्या भाड्यावर प्राप्तिकर मागत नाही. तिथल्या पालिकेचा मालमत्ता कर तेवढा भरला की काम भागते, आणि उरलेला हिशेब केंद्राच्या एकाच विवरणपत्रात मावतो. अमेरिकेत मात्र, वॉशिंग्टनचा मध्यवर्ती कर वेगळा ठेवला तरी, घर ज्या भूमीवर उभे त्या राज्याचा हक्क पहिला: पेनसिल्व्हेनिया निव्वळ भाड्यावर ३.०७ टक्के घेते, मग न्यू जर्सी तेच उत्पन्न रहिवाशाच्या नात्याने पुन्हा मोजते आणि शेजाऱ्यास भरलेल्या कराची वजावट देते; या दोन राज्यांतील परस्पर करार केवळ पगारापुरता असल्याने नोकरदार माणूस येथेच गाफील सापडतो. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकरच नाही, म्हणून घर तिकडे घ्यावे म्हटले, तर न्यू जर्सी आपला वाटा सोडीत नाहीच. आणि याच पुतण्याने नारायणगावचे वडिलोपार्जित घर भाड्याने दिले, तर अनिवासी मालकाच्या भाड्यातून कर कापून सरकारजमा करण्याची जोखीम, कायद्याने, बिचाऱ्या भाडेकरूच्या गळ्यात!