तळ्यात औषध नको, गावाची सभा हवी



सायखेडा-चांदोरीकडे मजुरीला जाणाऱ्यांनी गोदावरीच्या पुलाला अडकलेल्या पाणवेली पाहिल्या असतील. नाशिक शहराचं सांडपाणी खाऊन ही वेल माजते आणि वाहत जाऊन नांदूरमधमेश्वरला साचते. पण ती तिथंच राहील असं समजू नका. जाळ्याला चिकटून, नाहीतर जांभळ्या फुलाच्या हौसेनं आणलेलं एक रोपसुद्धा आपलं तळं झाकायला पुरतं. ती पंधरा दिवसांत दुप्पट होते.

वेल वाढली की तणनाशक मारायचा सल्ला मिळतो. आमचं सांगणं, मारू देऊ नका. मेलेली वेल तळाशी बसून कुजते, पाण्यातला प्राणवायू संपवते आणि मासे मरतात. त्याच पाण्यावर आपली गुरं, आपली पोरं. बी मात्र गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा औषध, पुन्हा ठेकेदार.

हाताचं काम खरं. पाणी उतरलं की, फुलं यायच्या आत, सगळ्या पाड्यांनी मिळून उतरावं. वारा वेलीला ज्या काठाला लोटतो तिथून सुरुवात करावी. मुळासकट ओढावी, तुकडा मागं ठेवू नये. ढीग काठावर टाकला तर पहिल्या पावसात परत तळ्यात जातो. तो लांब, उंचावर वाळवावा. मग शेण-मातीबरोबर खड्ड्यात घालून खत करावं. एकदा काढून भागत नाही. पुढची काही वर्षं दर महिन्याला काठ फिरून नवी रोपं उचलावी लागतील.

हे सांगायचं कारण एवढंच नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१) मध्ये मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावर गावाचा सामूहिक हक्क आहे. कलम ५ प्रमाणे पाण्याचे साठे राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. पण सभाच भरली नाही तर तळ्याचा निर्णय दुसरं कोणी करील. आज फवारणी, उद्या मासेमारीचा ठेका.

म्हणून येत्या ग्रामसभेत ठराव करा: आमच्या पाण्यात रासायनिक औषध नाही. तळ्याची राखण नियम ४ खालच्या समितीकडे द्या. गाळ काढण्याचं काम रोजगार हमीतून मागा, लेखी अर्ज करा, पोच घ्या.

तळं आपलं म्हणायचं, तर त्यात उतरायलाही आपणच पाहिजे.

जिंदाबाद!